टाईप १ मधुमेहाचे निदान झाल्यानंतर घराची घडी कशी बसवावी?

सातारची_आई

नमस्कार. आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला या पावसाळ्याच्या सुरुवातीला टाईप १ मधुमेह असल्याचे निदान झाले. सतत तहान, रात्री वारंवार लघवी, झपाट्याने उतरलेले वजन आणि शेवटी उलट्या व धाप, अशा अवस्थेत तिला रुग्णालयात नेले तेव्हा रक्तातील किटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारी आम्ले) धोकादायक पातळीवर गेले होते आणि काही दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले. डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी आम्हाला इंजेक्शन देणे, बोटातून रक्त काढून साखर तपासणे, साखर उतरली तर काय करायचे, हे सगळे नीट शिकवले आणि ते आता हाताला बसले आहे.

मला विचारायचे आहे ते घराविषयी. घरात सासू-सासरे आहेत, यजमान पुण्याला नोकरीस असल्याने शनिवार-रविवारीच येतात, आणि मोठा मुलगा नववीत आहे. जेवणापूर्वीची तीन आणि रात्रीचे एक अशी चार इंजेक्शने, तपासण्या, डबा, शाळेचे फोन आणि रात्री दोनचा गजर हे सारे माझ्याकडे आहे. मी येथील एका पतसंस्थेत नोकरी करते आणि ती सोडावी असे घरातील सर्वांचे मत पडते आहे. सासूबाईंचा जीव नातीवर इतका आहे की इंजेक्शनच्या वेळी त्या देवघरात जाऊन बसतात. भेटायला येणारा प्रत्येक जण कारल्याचा रस, अमुक वैद्य, तमुक काढा सुचवतो, आणि 'इन्सुलिनची एकदा सवय लागली की सुटत नाही' हे वाक्य मुलीच्या समोर बोलले जाते. मुलगा मात्र हल्ली फारसे बोलतच नाही.

ज्यांच्या घरात हे पर्व येऊन स्थिरावले आहे, त्यांनी कामाची, जेवणाची आणि नात्यांची व्यवस्था कशी लावली, हे सविस्तर वाचायला आवडेल.

वर्धेकाठचा

ताई, आमच्या मुलाचे निदान होऊन बरीच वर्षे झाली, म्हणून ठामपणे सांगतो: नोकरीचा निर्णय निदान काही महिने तरी घेऊ नका. पहिल्या वर्षात घराला जे कायमचे वाटते त्यातील बरेचसे पुढे बदलते. शिवाय या आजाराचा खर्च आयुष्यभराचा आहे. इन्सुलिन, सुया, तपासणीच्या पट्ट्या आणि परवडल्यास दंडावर लावायचा, साखर सतत मोजणारा सेन्सर, जो साधारण १४ दिवसांनी बदलावा लागतो. यांपैकी काहीही एका पगारावर सोपे नाही.

तुमच्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की मुलीच्या आजाराचे ज्ञान घरात एकाच व्यक्तीकडे साठले आहे. आमच्याकडेही पत्नीच सर्व पाहत असे. तिला ताप आला त्या आठवड्यात डॉक्टरांनीच मला बसवून सांगितले की ज्या घरात एकालाच इंजेक्शन देता येते, त्या घरातील मूल सुरक्षित नाही. त्यानंतर आम्ही 'मदत' ही कल्पनाच सोडली आणि पाळ्या लावल्या. आठवड्यातील ठरावीक रात्री माझ्या. त्या रात्री गजर माझ्या उशाशी वाजतो, साखर मी पाहतो, निर्णयही मीच घेतो, आणि पत्नी दुसऱ्या खोलीत झोपते. तुमचे यजमान शनिवार-रविवारी घरी असतात, तर त्या दोन रात्री पूर्णपणे त्यांच्या असाव्यात. वही त्यांनी भरावी, रविवारचा स्वयंपाक वजनकाट्यावर त्यांनी मोजावा. पुण्याहून फोनवर 'आज किती होती' असे विचारणे आणि स्वतः सुई टोचणे यांत फार अंतर आहे, हे मी दोन्ही केल्यानंतर सांगतो आहे.

जेवणाबाबत म्हणाल तर आम्ही घरातून गोड पदार्थ पूर्णपणे बाद केले. कोणीच खायचे नाही, म्हणजे मुलाला वेगळे वाटत नाही.

निवृत्त_शिक्षक_कोल्हापूर

ताई, वयाने मी तुमच्या सासऱ्यांच्या बरोबरीचा असेन, म्हणून आजी-आजोबांच्या बाजूने लिहितो.

माझ्या नातवाचे निदान झाले तेव्हा आमच्या घरीही हेच झाले. म्हाताऱ्या माणसांचे दुःख दोन प्रकारचे असते: नातवंडाला काही होते आहे हे एक, आणि आपण एवढे जगलो, एवढे पाहिले, तरी येथे आपला काही उपयोग नाही, हे दुसरे. यातील दुसरे दुःख काम दिल्याने पुष्कळ हलके होते. माझ्या सूनबाईंनी मला एक दिवस समोर बसवले आणि संत्र्याच्या सालीवर रिकामी सुई टोचण्याचा सराव करायला लावला. आज सकाळचे इंजेक्शन माझ्याकडे आहे. तुमच्या सासूबाईंना सुई जमणार नसेल तर त्यांना साखर उतरल्याची लक्षणे शिकवा: अचानक घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांवर झापड. दिवसभर जी व्यक्ती मुलीच्या सर्वांत जवळ असते तिच्याच हे प्रथम लक्षात येते, आणि ग्लुकोजची पुडी कुठे आहे हे तिला माहीत असले पाहिजे.

'सवय लागते' या समजुतीबद्दल. मी घरात सर्वांना टोरांटोच्या लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाची हकिगत सांगितली. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. ते पुरेसे शुद्ध नव्हते. मग त्याच संशोधन गटातील रसायनतज्ज्ञ जेम्स कॉलिप यांनी अधिक शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीपासून दिला आणि अस्थिपंजर झालेला तो मुलगा सावरला, पुढे आणखी तेरा वर्षे जगला. त्याच्या आधी या आजाराची मुले वाचत नसत. अगदी अल्प आहारावर ठेवून त्यांचे मरण काही काळ लांबवणे एवढेच वैद्यांच्या हाती होते. इन्सुलिन हे व्यसन लावणारे द्रव्य नाही. तुमच्या-आमच्या शरीरात ते घडोघडी तयार होते, आणि या मुलांच्या शरीरात स्वादुपिंडातील त्या पेशी स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने नष्ट केलेल्या असतात. माझ्या पत्नीला हे कळले त्या दिवसापासून काढ्यांचा विषय आमच्या घरात बंद झाला. पाहुण्यांना उत्तर द्यायचे काम मी माझ्याकडे घेतले आहे. घरातील ज्येष्ठाने एकदा शांतपणे 'डॉक्टरांचे उपचार चालू आहेत, दुसरे काही करायचे नाही' असे म्हटले की सुनेला वाद घालावा लागत नाही. तुमच्या सासऱ्यांना एवढी विनंती अवश्य करा.

आणखी एक, जे प्रत्येक आजोबाने लक्षात ठेवावे कारण औषधाच्या दुकानात बहुधा आम्हीच जातो. आपल्याकडे इन्सुलिनच्या कुप्या दर मिलिलिटरला ४० युनिटच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. ४० च्या सिरिंजचे टोपण लाल असते, १०० च्या सिरिंजचे केशरी. १०० ची कुपी आणि ४० ची सिरिंज असा घोळ झाला तर अडीचपट मात्रा जाते.

मधुमेह_शिक्षिका

मी मुलांच्या मधुमेह विभागात समुपदेशनाचे काम करते. मात्रा प्रत्येकाने आपापल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यायची आहे. मी केवळ घराशी संबंधित गोष्टी लिहिते.

वर्धेकाठच्या दादांनी ज्ञान एकाकडे साठू नये असे लिहिले ते अगदी खरे आहे, परंतु गोड पूर्णपणे बंद करण्याशी मी सहमत नाही. टाईप १ मध्ये हिशेब गोडाचा नसून कर्बोदकांचा असतो. आपल्याकडे 'भाकरीने साखर वाढत नाही' असे सर्रास समजले जाते, पण ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरीतही ३५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात. २५ ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण १७ आणि १०० ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे २८. म्हणून साखरेचा डबा लपवण्यापेक्षा स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा आणि भिंतीवर एक तक्ता लावणे जास्त उपयोगाचे. काही आठवडे मोजल्यानंतर घरातील नेहमीची वाटी आणि नेहमीची पोळी यांचा अंदाज बरोबर येऊ लागतो. गणपतीत एक मोदक त्याच्या हिशेबाचे इन्सुलिन घेऊन, जेवणासोबत खाता येतो, आणि तो तिने सर्वांच्या पंक्तीत बसून खावा. जी मुले चोरून खातात त्यांची साखर सर्वांत जास्त अनियमित असते, कारण चोरून खाल्लेल्याचे इन्सुलिन घेतले जात नाही.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. निदानानंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी अनेक मुलांची इन्सुलिनची गरज एकदम कमी होते, कारण उरलेल्या पेशी काही काळ पुन्हा काम करू लागतात. हा काळ काही आठवडे ते काही महिने टिकतो, क्वचित त्याहून अधिक. नेमका याच काळात घरात कोणीतरी काढा सुरू केलेला असतो, त्याचे श्रेय काढ्याला जाते आणि इन्सुलिन बंद केले जाते. अशी मुले आमच्याकडे पुन्हा किटोन वाढून, बेशुद्धीच्या उंबरठ्यावर येतात. हा काळ येणार आहे आणि तो जाणारही आहे, हे घरातील प्रत्येकाला आत्ताच सांगून ठेवा.

आजारपणाचे नियम फ्रिजच्या दारावर ठळक अक्षरांत लावा. ताप किंवा उलट्या असताना मूल जेवत नसले तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचे नाही. साखर आणि किटोन वरचेवर तपासायचे, पाणी पाजत राहायचे, आणि उलट्या थांबत नसतील किंवा किटोन वाढत असतील तर रुग्णालय गाठायचे. साखर ७० च्या खाली गेली तर किलोमागे सुमारे ०.३ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे २५ ते ३० किलोच्या मुलीला साधारण दोन चहाचे चमचे, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. चॉकलेट देऊ नका. त्यातील स्निग्धांशामुळे साखर चढायला वेळ लागतो. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही, कुशीवर वळवायचे आणि तत्काळ रुग्णालयात न्यायचे; डॉक्टरांनी ग्लुकागॉनचे (साखर चढवणारे) इंजेक्शन घरी ठेवायला दिलेले असेल तर ते आधी टोचायचे.

वर्धेकाठचा

मोदकाबद्दलचे म्हणणे पटते, मात्र आमच्या मुलाच्या बाबतीत त्या काळात घरात डबे उघडे ठेवणे शक्य नव्हते, हेही नोंदवून ठेवतो. मुलाचे वय आणि स्वभाव पाहून ठरवावे.

सोनचाफा

मी आज नोकरी करते आणि मला सात वर्षांची असल्यापासून टाईप १ आहे, म्हणून ताईंच्या मुलीच्या जागेवरून लिहिते.

लहानपणी मला सुईचा त्रास कमी आणि आकड्याचा त्रास जास्त झाला. यंत्रावर २८० दिसले की घरातील सर्वांचे चेहरे उतरायचे आणि 'काय खाल्लेस?' हा प्रश्न यायचा. आकडा म्हणजे माझे प्रगतिपुस्तक आहे असे मला वाटू लागले, आणि मग मी वहीत खोटे आकडे लिहू लागले. साखर खाण्यानेच वाढते असे नाही. सर्दी, परीक्षेची भीती, वाढीचे वय, पुढे मासिक पाळी, इंजेक्शनच्या जागेवर झालेली गाठ, अशी कितीतरी कारणे असतात. म्हणून आकडा मोठ्याने वाचून दाखवू नका, 'चांगली साखर' आणि 'वाईट साखर' असे म्हणू नका. '२८० आहे, बरे, आता काय करूया?' एवढे पुरते. हा फरक माझ्या वडिलांनी केला तेव्हापासून वही खरी होऊ लागली.

तिच्यासमोर तिच्या लग्नाविषयी बोलणाऱ्यांना त्याच क्षणी थांबवा. नऊ वर्षांच्या मुलीला त्यातले सर्व काही कळते. नातेवाइकांपासून आजार लपवावा असे कोणी सुचवले तर मी विरोध करीन, कारण लपवलेल्या मुलीला लग्नाच्या पंगतीत किंवा प्रवासात साखर उतरली तर मदत मागताच येत नाही.

आणि तिच्या वाट्याचे काम हळूहळू तिच्याकडे येऊ द्या. आता बोट तिने टोचावे, इंजेक्शनची जागा तिने निवडावी. मात्रा ठरवणे आणि तपासणे मोठ्यांकडेच राहावे. दहाव्या-बाराव्या वर्षी 'आता तुझे तू बघ' असे म्हणून सर्व काही एकदम सोपवले की पौगंडावस्थेत ते हमखास विस्कटते.

माळरान_यवतमाळ

वरील चर्चेत सेन्सर आणि फ्रिजचा उल्लेख आला, म्हणून आमच्यासारख्यांसाठी थोडे लिहितो. आम्ही कोरडवाहू शेतकरी, गावात वीज तासन् तास नसते. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते आणि वापरात काढलेली कुपी बहुधा चार आठवड्यांपर्यंत खोलीच्या तापमानात चालते, परंतु आमच्याकडील मे महिन्यातील खोली म्हणजे ४० अंशांच्या पुढे. एका मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटे मडके, त्यात घट्ट झाकणाच्या डबीत कुपी, आणि वर ओले फडके. सावलीत आणि वाऱ्याला ठेवले की बाहेरच्यापेक्षा बरेच अंश कमी राहते. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी ती बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

पैशांची ओढाताण असेल तर संस्थांकडे जायला संकोच करू नका. नागपूरचा ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान अशा मुलांसाठी अनेक वर्षांपासून काम करीत आहेत. औषधाइतकाच लाभ तेथे दुसरी मुले भेटल्याने होतो. माझ्या मुलाने आपल्यासारखेच दंडावर टोचून घेणारे दुसरे मूल प्रथम तेथेच पाहिले, आणि परतताना तो एसटीत सारा वेळ त्याच्याविषयीच बोलत होता.

टेम्सकाठ

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि माझी मुलगी येथील प्राथमिक शाळेत आहे. २०१४ च्या कायद्याने येथील सरकारी शाळांवर आजारी मुलांना आधार देण्याची जबाबदारी टाकलेली आहे. त्यामुळे शाळा, परिचारिका आणि पालक मिळून एक लेखी आराखडा करतात: साखर कधी तपासायची, कुठे, कोणी, किती उतरली तर काय, सहलीला कोण सोबत असेल. कायदा सोडा, पण हा कागद साताऱ्यातही करता येईल. वर्गशिक्षिका, खेळाचे शिक्षक आणि शाळेच्या कार्यालयातील एक व्यक्ती अशा तिघांना तो समक्ष द्यावा, कारण खेळाच्या तासानंतर आणि कधी कधी त्याच रात्री उशिरा साखर उतरते.

निळीशाई_नाशिक

मी माध्यमिक शिक्षिका आहे. शिक्षकांना भीती वाटते ती न कळण्याची. पालकांनी अर्धा तास देऊन ग्लुकोज कसे द्यायचे ते प्रत्यक्ष दाखवले की बहुतेक शिक्षक तयार होतात. शाळेने टाळाटाळ केली तर दोन गोष्टींचा आधार घेता येईल: सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेला साखरेच्या गोळ्या, फळ, खाऊ आणि पाणी सोबत नेण्याची परवानगी दिली, आणि राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये राज्यांना पत्र लिहून शाळांनी या मुलांना वर्गातच तपासणी, इंजेक्शन आणि खाणे करू द्यावे असे कळवले. इतर मंडळांच्या शाळांतही हे दाखले दाखवले की चर्चा सोपी होते. मुलीला तपासणीसाठी स्वच्छतागृहात पाठवू देऊ नका, बाकावर बसून तपासू द्या. मुले दोन दिवस बघतात, मग त्यांना त्याचे काही वाटत नाही.

सातारची_आई

सर्वांचे मनापासून आभार. सासऱ्यांशी बोलले, पाहुण्यांना उत्तर द्यायला ते लगेच तयार झाले आणि सासूबाई आता ग्लुकोजची पुडी पदराला बांधून असतात. यजमानांनी शनिवार-रविवारच्या रात्री घेतल्या आहेत. नोकरीचा विषय आम्ही पुढच्या वर्षापर्यंत बाजूला ठेवला आहे.

मुलाचा प्रश्न राहिला. काल त्याने जेवताना मान वर न करता विचारले, 'मलाही होणार का?' आम्ही सगळेच एकदम 'नाही रे' म्हणालो, आणि तो उठून गेला. त्याच्याशी काय बोलावे?

मधुमेह_शिक्षिका

त्याला खरे सांगा. टाईप १ असलेल्या मुलाच्या सख्ख्या भावंडाला तो होण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात पाच ते सात असते. इतरांपेक्षा ती जास्त आहे, पण शंभरांतील नव्वदांहून अधिक भावंडांना तो होत नाही. त्याला लक्षणे माहीत असावीत: खूप तहान, खूप लघवी, वजन उतरणे. त्याला हवे असेल तर प्रतिपिंडांची (प्रतिकारशक्ती त्या पेशींवर उलटली आहे का हे दाखवणारी) रक्ततपासणी करता येते, त्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी बोला. आणि बहिणीला हा आजार कोणाच्याही वागण्यामुळे, गोड खाण्यामुळे किंवा भांडणामुळे झालेला नाही, हेही न विचारता सांगा. पुष्कळ भावंडे मनात असे काहीतरी धरून बसलेली असतात.

थोरली_बहीण

मी तुमच्या मुलाच्या जागी होते. धाकट्या भावाचे निदान झाले तेव्हा मी आठवीत होते. आई-बाबांनी मला काहीही सांगितले नाही, मला त्रास होऊ नये म्हणून. त्यामुळे दाराआडून ऐकलेल्या तुकड्यांवरून मी ठरवले की तो फार दिवस जगणार नाही. मला प्रश्न विचारायचीही लाज वाटे, कारण आजारी तो होता. त्या काळात मी उत्तम गुण मिळवले, कधी काही मागितले नाही, आणि सर्व जण म्हणत की मोठी किती समजूतदार आहे. आत काय चालले होते ते कोणाच्या लक्षात आले नाही, कारण माझ्याविषयी काळजी करण्यासारखे वरवर काहीच नव्हते. तुमचा मुलगा गप्प झाला आहे हे तुम्हाला दिसले, हे फार चांगले झाले.

डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला त्याला घेऊन जा आणि त्याचे प्रश्न त्याला स्वतः विचारू द्या. आई-वडिलांकडून आलेल्या 'नाही'वर जो विश्वास बसत नाही तो डॉक्टरांच्या आकड्यांवर बसतो. साखर उतरल्यास काय करायचे ते त्यालाही शिकवा, कारण ते माहीत नसण्याची भीती मोठी असते. परंतु त्याला शाळेत बहिणीचा पहारेकरी करू नका. मधल्या सुटीत तिचा डबा पाहून ये, ती खेळताना लक्ष ठेव, असे सांगितले की त्याची सुटी आणि मित्र दोन्ही जातात, आणि तिलाही ते आवडत नाही. ते काम शाळेतील मोठ्यांचे आहे, वर नाशिकच्या ताईंनी लिहिले आहे तसे.

त्याच्याशी बोलायला शनिवारची संध्याकाळ बरी. यजमान घरी असतील, मुलीची वही त्यांच्याकडे असेल. तुम्ही त्याला घेऊन बाहेर पडा आणि पहिला अर्धा तास मधुमेहाचा विषय काढू नका. त्याचे क्रिकेट, त्याची नववी, त्याला काय हवे आहे, हे विचारा. आजाराचा विषय तो स्वतः काढेल. नाही काढला तर पुढच्या शनिवारी पुन्हा जा.